चवथीच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या आंघोळी

माझं सासर पेडण्याच्या गावातलं. तिथे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवशी मी एवढ्या आंघोळी करत असे, की 'फार कडक सोवळ्याची बाई' म्हणून माझं नाव झालं होतं. शेजारपाजारच्या सासवा आपल्या सुनांना माझं उदाहरण देत. त्या सुनांनी मला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, ते गणपतीलाच ठाऊक. खरी गोष्ट एवढीच होती की मला लघवी धरवत नव्हती.

पहिला थेंब पडला तो डिचोलीच्या बाजारात, सुक्या मिरच्यांच्या ढिगासमोर. मिरच्या बघायला वाकले, शिंकले, आणि जे व्हायचं ते झालं. मिरचीवाली आपल्या मालावर खूश. "बघलंस मगे बाय, कशी तिखट आसा ती!" म्हणाली. तिच्या मिरचीने काय काय केलं ते मी तिला सांगितलं नाही. पिशवी मागे धरून घरी आले आणि चुकून झालं म्हणून सोडून दिलं. मग खोकल्यावर झालं. मग तांदळाची पिशवी उचलताना. मग हसताना. माझी एक मैत्रीण फार विनोदी आहे. तिच्याकडे जाणं मी बंदच केलं, आणि ती बिचारी आपलं काय चुकलं याचा विचार करत बसली.

पुढे दुसरा प्रकार सुरू झाला. बाजारातून घराच्या पायरीपर्यंत सगळं ठीक असायचं. पिशवीतून किल्ली काढली की आतून हुकूम सुटे: आत्ता! ह्या क्षणी! आमच्या ह्यांना दाराला दोन कुलपं लावायची हौस. त्या दिवसांत आमच्यात जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी त्या दुसऱ्या कुलपावरून झाली. ह्यांना वाटे, बायकोचा चोरांवर फारच विश्वास आहे.

मी डिचोलीत प्राथमिक शाळेत शिकवते, सणावाराला पेडण्याला जाते. त्या रस्त्यावर कुठल्या हॉटेलात नुसतं आत जाऊ देतात, कुठे आधी चहा घ्यावा लागतो आणि त्या चहाचं प्रायश्चित्त पुढच्या गावात कसं घ्यावं लागतं, हे मला तोंडपाठ होतं. मोपाला विमानतळ झाला तेव्हा गावात सगळे नोकऱ्यांविषयी बोलत होते. मी एकटीच तिथली शौचालयं कशी आहेत ते विचारत होते. पुण्याच्या पाहुण्यांना मोरजीला कासवं अंडी घालतात ती जागा दाखवायला नेलं, तर ते समुद्राकडे बघत राहिले आणि मी एका हॉटेलाच्या मागच्या दाराकडे.

कुणाला सांगायचं? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. माझा जावई इंजिनियर आहे, तरी मला सांगवेना. वय झालं, बाळंतपणं झाली, आता हे असंच, अशी मीच माझी समजूत घातली आणि उपाय म्हणून पाणी पिणं कमी केलं. शाळेत दिवसभर घसा कोरडा ठेवून पाढे म्हणवून घ्यायचे. त्याने थेंब थांबले नाहीत. उलट जळजळ तेवढी वाढली.

तरी शाळा, बाजार, बस हे सगळं मी कसंबसं निभावून नेलं असतं. माझा जीव अडकला होता चवथीच्या स्वयंपाकघरात. मी डिचोलीची, खाणीच्या गावातली. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांना वाटे, ट्रकांची लाल धूळ खाल्लेल्या ह्या मुलीला रांधायचं काय कळणार! सासूबाईंच्या हाताखाली मी नारळ खवण्यापासून सुरुवात केली. खतखत्यात कुठली भाजी कधी पडते, तेफळं किती ठेचायची, पातोळीला हळदीचं पान कुठल्या बाजूने दुमडायचं, हे शिकता शिकता केस पिकायला लागले. शेवटी सासूबाईंचे गुडघे गेले आणि चवथीची चूल माझ्याकडे आली. त्या घरात माझं स्वतःचं असं काही असेल तर ते तेवढंच. जमीन दिरांनी आणि ह्यांनी वाटून घेतली होती. चूल माझी होती.

पण त्या चुलीला नियम होता. नैवेद्याचं रांधणाऱ्या बाईने पहाटे आंघोळ करून सोवळं नेसायचं आणि नैवेद्य दाखवेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मधे मागच्या दारी जावं लागलंच, तर पुन्हा डोक्यावरून आंघोळ, पुन्हा नवं सोवळं, आणि मगच चुलीला हात. त्यामुळे जाणं कुणाला परवडतच नसे. सासूबाई तर पहाटेपासून चुलीपुढे बसत त्या नैवेद्याचं ताट वाढूनच उठत. त्यांची ही ख्याती मी लग्नाच्या आधीपासून ऐकली होती.

चूल हाती आली त्या पहिल्याच चवथीला आदोळीवर बसून नारळ खवत होते. जोर लावला आणि कळलं, गेलं. समोर देवाचं अन्न, आणि मी अशी. मला खरंच भीती वाटली. गणपतीची नव्हे. तो पोटाचा मोठा आहे, समजून घेईल. मला भीती होती सासूबाईंची. कोपऱ्यात मांजर होतं. मी ओरडले, "मेल्या मांजराचं शेपूट लागलं!" आणि सरळ न्हाणीघरात शिरले.

मांजर बाहेर घालवलं गेलं. पुढच्या खेपेला मला दुसरं कारण शोधावं लागलं. कुणाचं तरी पोर शिवलं. मग उंबऱ्याबाहेरच्या केरसुणीला पदर लागला. मग काहीच सुचेना तेव्हा मी नुसतं डोळे मिटून "काहीतरी लागलं" म्हटलं, आणि त्याचाच सगळ्यांत जास्त दबदबा निर्माण झाला. पोरांना त्या खोलीत यायची बंदी झाली. ह्यांनी दारातून डोकावून गुळाची ढेप कुठे ठेवू विचारलं, तर दिरांनी त्यांना मागे ओढलं. दोन चवथींत माझी कीर्ती एवढी पसरली की एक शेजारीण मला विचारायला आली, सोवळ्यात मिक्सर चालतो का? मी गंभीरपणे म्हटलं, प्लग आंघोळीच्या आधी लावला असेल तर चालतो. आजही त्या घरात तसंच करतात.

पण एवढ्या आंघोळी करणाऱ्या बाईचं रांधून कधी होणार? दुसऱ्या वर्षी नैवेद्याला दुपार टळून गेली. आरती होऊन गेली तरी ताट नाही. पोरं रडकुंडीला आलेली, पुरुष करंज्या-नेवऱ्यांच्या डब्याभोवती घुटमळत होते. संध्याकाळी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"तुजें सोवळें भारी झालां गो," म्हणाल्या. "पुण गणपतीक इतक्या उसरान जेवण? फुडल्या वर्सा एकदां बघतंय. जमना जाल्यार धाकट्येक दितंय."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. बाई चांगली आहे. पण खतखत्यात साखर घालते.

चूल जाणार ह्या भीतीने मी जे केलं, ते थेंबांच्या लाजेने दोन वर्षांत केलं नव्हतं. म्हापशाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. डिचोलीत गेले असते तर दारात माझ्याच शाळेतल्या मुलांच्या आया भेटल्या असत्या. तिथेसुद्धा बाहेरच्या पोरीने काय होतंय विचारलं तेव्हा मी "गुडघे" म्हटलं. ती म्हणाली, "गुडघ्यांचे डॉक्टर वर." मी हळूच म्हटलं, "गुडघ्यांच्या जरा वरचं आहे." ती पोर हसली, आणि तिच्याबरोबर मला हसता येईना, कारण हसले असते तर तिथेच पुरावा मिळाला असता.

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली, साखर तपासली. जंतू नाहीत, साखर नाही. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. माझ्याकडे दोन दुखणी एकत्र नांदत होती. शिंक, खोकला, नारळ खवणं ह्यांनी जातं त्याचं कारण खालचे स्नायू. मूत्राशयाला खालून तोलून धरणारी जी झोळी असते ती बाळंतपणांनी आणि वयाने सैल होते, आणि वरून दाब आला की तोंड घट्ट मिटत नाही. किल्ली बघून जातं ते वेगळं. तिथे मूत्राशय भरायच्या आधीच आकसतं आणि घाई करतं. "तुम्ही त्याचं ऐकत गेलात," त्या म्हणाल्या. "जरा कुरकुरलं की धावलात. पोर रडलं की लगेच उचलून घेतलं तर ते काय शिकेल?"

मी शाळेत एवढी वर्षं पोरांना वळण लावलं, आणि हे एक पोर माझ्याच पोटात बिघडलं होतं.

पाणी कमी केल्याचं सांगितलं तेव्हा त्या रागावल्या. कमी पाण्याने लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. पाणी नीट प्यायचं, चहा कमी करायचा, पोट साफ ठेवायचं. घाई आली की धावायचं नाही. उभं राहायचं, स्नायू आवळायचे, कळ ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. हळूहळू दोन वेळांमधलं अंतर वाढवायचं. आणि रोज व्यायाम. चारचौघांत वारा सरायला लागल्यावर आपण जे आवळून धरतो तेच स्नायू, तेच आवळायचे, थोडं धरायचे, सोडायचे. महिनोन् महिने. "ह्याने नाही भागलं तर औषध आहे, त्याच्यापुढेही उपाय आहेत. पण एवढी वर्षं गप्प का राहिलात?" मी त्यांना सोवळ्याचं सांगितलं. मांजराचंही सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मी हसले नाही. मी त्यांच्याकडे हेव्याने बघत राहिले.

त्यांनी बजावलं होतं, आवळताना तोंडावर काही दिसता कामा नये, श्वास रोखायचा नाही. हे मला काही केल्या जमेना. शाळेत प्रार्थनेच्या वेळी आवळायची. मुलं प्रार्थना म्हणत आणि माझ्या भुवया कपाळावर चढत. बैठकीत मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनाची नवीन योजना मांडली तेव्हा मी व्यायामात होते. माझा चेहरा बघून ते अडखळले आणि योजना मागे घेतली. नंतर जिन्यात मला म्हणाले, "बाई, तुमचा विरोध मला तेव्हाच कळला." चांगली योजना होती ती. कदंबच्या बसमध्ये मात्र छान जमायचं, कारण रस्त्यातल्या खड्ड्यांनी सगळ्यांचेच चेहरे तसे झालेले असत.

पहिले दोन महिने काही फरक दिसला नाही. मी वैतागून सोडायला निघाले होते. मग एक दिवस फळ्याजवळ शिंकले, आणि काही झालं नाही. मुलांना वाटलं बाई रागावणार, कारण मी खडू हातात धरून नुसती उभी. मला नाचावंसं वाटत होतं. पावसाळा लागेपर्यंत दुसऱ्या कुलपाशीसुद्धा मी शांतपणे उभी राहू लागले. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. विनोदी मैत्रिणीकडे अजून जपूनच बसते. पण मूत्राशयाला माझं म्हणणं ऐकू यायला लागलं होतं.

चवथ आली. पहाटे आंघोळ केली, सोवळं नेसले, चुलीपाशी उभी राहिले. सासूबाई कदेलीवर, म्हणजे आपल्या जुन्या लाकडी खुर्चीवर, चुलीसमोर बसल्या होत्या. परीक्षाच घ्यायला बसल्या होत्या, दुसरं काय! जाऊ आदोळीवर नारळ खवत होती. बाहेर गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधून झाली होती, तिच्यातल्या फळांचा वास आत येत होता. मांजर लांबून माझ्याकडे संशयाने बघत होतं. खतखतं चढलं, मुगाची गाठी झाली, पातोळ्या वाफेवर गेल्या. एकही आंघोळ नाही. सासूबाईंच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. त्यांना तो व्यायाम उपजतच येत असावा.

भटजी आले आणि पूजा सुरू झाली. त्यांना त्या दिवशी दहा घरं फिरायची असतात, आणि प्रत्येक घरी दुधाचा पेला. थोड्या वेळाने मंत्र थांबले. स्वयंपाकघराच्या जनेलातून मला दिसलं, भटजी मागच्या दारी निघाले होते. जानवं कानाला अडकवलं, न्हाणीघराच्या पलीकडे गेले, आले, बालदीतलं पाणी पायांवर घेतलं, चूळ भरली, आचमन केलं आणि पुन्हा पाटावर जाऊन बसले. मंत्र जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मागच्या दोन्ही वर्षी मला हे दिसलं नव्हतं, कारण मी त्या वेळी न्हाणीघरात अंगावर पाणी ओतत होते.

आणि तेवढ्यात मला कळ आली. पाण्याचा आवाज ऐकून आली असणार. शिकवल्याप्रमाणे मी उभी राहिले, आवळलं, कळ ओसरलीसुद्धा. नैवेद्याला थोडाच वेळ होता. ओढून नेता आलं असतं. चूल माझीच राहिली असती, कीर्तीही शाबूत राहिली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण भटजींचे ते ओले पाय माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मला राग आला. सरळ सांगते, फार राग आला. त्यांना कानाला दोरा लावून भागतं, आणि मी दोन वर्षं मांजराला बदनाम करत फिरते?

चूल म्हणायची, होता गॅसच; तो बारीक केला. सगळ्यांसमोरून मागच्या दारी गेले, धावत नव्हे, चालत. आले, हातपाय धुतले, चूळ भरली आणि तशीच येऊन डाव हातात घेतला.

"खंय गेल्लंस गो?" सासूबाईंनी विचारलं.

"मुतूक."

जावेची आदोळी थांबली.

"न्हालंस?"

"ना. हातपाय धुतले. भटजींनी धुतले तशे." आता तोंड उघडलंच होतं, तर म्हटलं सगळंच बाहेर पडू दे. "मांजर-बिंजर काय नासलें, मांय. माका धरूकच येयनासलें. दोन वर्सां तेच्याखातीर न्हातालंय. आतां औषदपाणी करून बरें आसा. पुण न्हावचें ना. चूल धाकट्येक दिवची जाल्यार दियात."

बाहेर घंटा वाजत होती. सासूबाई खतखत्याच्या वाफेकडे बघत बसल्या. मला वाटलं, आता बोलतील ते आयुष्यभर ऐकावं लागेल.

"माका हात दी," त्या म्हणाल्या.

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? सकाळधरून बसलंय हांगा. माकाय वचूक जाय."

मी त्यांना धरून मागच्या दारी नेलं. एका हाताने माझा दंड, दुसऱ्या हाताने भिंत. अंगणात मधेच थांबल्या. मला वाटलं गुडघा दुखला. त्या खांदे हलवून हसत होत्या. आपल्या काळात रांधणारी बाई आंघोळ करून ओलेत्यानेच चुलीपुढे बसायची, अंगावर निथळतं लुगडं, हे त्यांनी मला सांगितलं. ते ओलं लुगडं म्हणजे सोवळ्याची परिसीमा, असं सगळे समजत.

"ओल्या लुगड्याक आनीक ओलें जाल्यार कोणाक कळतलें गो?" म्हणाल्या. "चुलीची धग सगळें सुकयताली. तुमकां सुकें सोवळें आयलें आनी तुमी आडकलीं." मग माझा दंड घट्ट धरून, "हासय नाका माका, हांगाच जातलां!"

मीच हसत होते. आम्ही दोघी अंगणात एकमेकींना धरून, पाय जुळवून, तोंड दाबून उभ्या राहिलो. माझा वर्षभराचा व्यायाम त्या एका मिनिटात कामी आला.

परत आलो तेव्हा मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. कदेलीवर टेकल्या. जाऊ अजून नारळाची तीच कवड हातात धरून बसली होती, गुडघ्यावर गुडघा आवळून. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तूंय वच."

"माका ना, मांय..."

"वच म्हणटंय न्हय?"

जाऊ उठली आणि पदर सावरत जी धावली, की दारातलं मांजर उडी मारून बाजूला झालं. सासूबाईंनी माझ्याकडे हात पुढे केला आणि पाणी मागितलं. चवथीच्या दिवशी, नैवेद्याच्या आधी, तांब्याभर पाणी त्या सावकाश प्यायल्या. तांब्या खाली ठेवला आणि ओठ पुसले.

"आनी तूं कितें बघतंस उबी रावन?" म्हणाल्या. "तुजें खतखतें तळाक लागता."